अक्काने चावलेले तांदूळ

जळगावला एका जुन्या विद्यार्थ्याच्या लग्नात पंगतीला बसलो होतो, तेवढ्यात तार आली. ‘बहीण आजारी, ताबडतोब या’ एवढंच तीत होतं. पण गेलेल्या माणसाला आजारी म्हणायची तारेची रीत आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. चाळीसगावला गाडी बदलली. धुळ्याची गाडी नेहमीसारखीच उशिरा सुटली, आणि मी डब्यात बसून स्वतःची समजूत घालत राहिलो की एखाद वेळी खरंच आजारी असेल... घराच्या ओट्यावर शेजारचे आबा पागोटं मांडीवर घेऊन बसलेले दिसले, तेव्हा विचारायचं काही उरलं नाही. सकाळी चूल पेटवली, घोटभर पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच, असं आबांनी सांगितलं. त्याला आता काही आठवडे होऊन गेले.

अक्का माझी थोरली बहीण. माझी बायको लवकर गेली, मूलबाळ नव्हतं, आणि अक्काला सासर असून नव्हतं. म्हणून धुळ्याच्या या दोन खोल्यांत आम्ही दोघं भावंडं म्हातारी झालो. ती फार कमी बोलायची. जास्त बोललं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची, शब्द मध्येच अडायचे. पेठेतल्या बायका तिला गर्विष्ठ समजत. मी पडलो मास्तर, मला गप्प बसणं जमत नाही. मी चुलीपुढे बसून शाळेतली सगळी भांडणं तिला ऐकवायचो, आणि मध्येच थांबलो तर ती म्हणायची, “तू बोल, तुनं तोंड ओलं शे.” ती गेल्यावर पहिल्या संध्याकाळी मी सवयीने हेडमास्तरांना शिव्या द्यायला सुरुवात केली, आणि अर्ध्या वाक्यात गप्प झालो. तेव्हापासून परवापर्यंत या घरात मी मोठ्याने बोललो नाही.

तिच्या तोंडाची गोष्ट लहानपणापासूनची. पांझरेकाठच्या आमच्या गावात एका वर्षी पोरांना गालगुंडांची साथ आली. माझी गालफुगी चार दिवसांत उतरली. अक्काची उतरेना, पिकली, ताप हटेना. शेवटी गावातल्या जाणत्याने तापल्या विळ्याने तिच्या दोन्ही कानांखाली डाग दिले. पोरगी वाचली, म्हणून सगळ्यांनी त्या डागांना हात जोडले. पण तेव्हापासून तिच्या तोंडातलं पाणी गेलं ते कायमचं. गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की हे कोणालाच कळलं नाही, तिलाही नाही. दुसऱ्याच्या तोंडात किती ओल आहे हे कोण पाहायला जातं? “मले वाटे, बठ्ठासनं तोंड असंच ऱ्हास,” असं ती पुढे म्हणाली होती. भाकर सगळ्यांच्याच घशात रुतते, सगळेच घासागणिक पाणी पितात, असं धरून ती बिचारी वाढली.

लग्न चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात झालं. घर केळीचं, कापसाचं, खाऊनपिऊन सुखी. जेवताना तांब्या हातातून सुटत नाही म्हणून सासू कुरकुरायची, एवढंच. मग तिथे एका दिराचं लग्न झालं आणि त्या गडबडीत सासूची नथ हरवली. पाहुणे गेले, घर शोधून झालं, नथ मिळेना. तेव्हा भगताला बोलावलं. चोरी घरातली असली म्हणजे त्या भागात तांदूळ चावायला द्यायची रीत होती. घरातल्या सगळ्या बायकांना ओट्यावर ओळीने बसवलं, गाव पाहायला जमलं, आणि भगताने मंतरलेले कोरडे तांदूळ एकेकीच्या हातावर ठेवले. चावायचे आणि समोरच्या केळीच्या पानावर थुंकायचे. “चोर व्हई त्यानी लाळ सुकी जास,” भगत म्हणाला. जावांचे तांदूळ लगदा होऊन पडले, सासूचेही पडले. अक्काने जीव तोडून चावले. तिने मला हे एकदाच सांगितलं, पण त्या वेळीही तिचा जबडा हलत होता. तिच्या पानावर कोरडं पीठ पडलं, आणि थोडं तर वाऱ्यानेच उडालं.

“मी नथ लिधी नही,” एवढंच ती म्हणाली म्हणे, आणि तेही नीट उमटलं नाही, कारण पिठाने तोंड भरलेलं होतं. दाजी तिला चार दिवस माहेरी राहू दे म्हणून आणून सोडून गेले. आमच्या आईने दिलेला चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. त्यानंतर न्यायला कोणी आलं नाही. पुढे त्यांनी दुसरी बायको केली असं कानावर आलं. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. अक्का आली म्हणून मला तर आनंदच झाला होता.

मला धुळ्यात नोकरी लागली, तशी ती माझ्याकडे आली. तोवर तिच्या दातांची दैना सुरू झाली होती. तिच्याइतकं तोंड स्वच्छ ठेवणारं माणूस मी पाहिलं नाही. सकाळ-संध्याकाळ बाभळीची काडी, प्रत्येक खाण्यानंतर मिठाच्या पाण्याने चूळ. मी आळशी, कधी घासतो कधी नाही, आणि माझे दात आजही शाबूत. तिचे मात्र हिरडीपाशी काळे पडत, भुसभुशीत होत आणि तुकड्यातुकड्याने पडत. जीभ लाल, चिरलेली. शेजारणींनी शोध लावला की मास्तरांची बहीण चोरून गूळ खाते. एकदा घरात चोर ठरलेल्या बाईला दुसऱ्या गावातही चोरीच चिकटावी, याचा मला भयंकर संताप यायचा. अक्का नुसती पदर तोंडावर घ्यायची.

शेवटी एकदा दाढ सुजून डोळा मिटायची पाळी आली, तेव्हा तिला पेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाढ पाहिली, मग जिभेखाली पाहिलं, गाल आतून दाबले, कानाखालच्या डागांवरून बोट फिरवलं. मग एक लिंबू मागवलं, कापलं आणि फोड तिच्या जिभेवर पिळली. नुसतं पाहून माझ्याच तोंडाला पाणी सुटलं, मला दोनदा गिळावं लागलं. अक्काचं तोंड तसंच. डॉक्टर वाट पाहत राहिले आणि म्हणाले, “मास्तर, यांच्या लाळेच्या ग्रंथी निकामी झाल्यात.” मला नीट कळेना, तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. जंतू सगळ्यांच्याच तोंडात असतात, तुमच्या, माझ्या, आणि ते सगळेच काही वाईट नसतात. लाळ दिवसभर झिरपते, अन्नाचे कण धुऊन नेते, आंबटपणा मारते, आणि कुठल्याही एका जातीला फार माजू देत नाही. ती आटली की दात खाणारे जंतू शिरजोर होतात. पाटाचं पाणी बंद झालं की डबक्यात शेवाळ धरतं, तसं. काडी कितीही घासा, दिवसभराच्या लाळेचं काम तिला जमायचं नाही.

“मग तांदूळ?” मी विचारलं आणि सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांनी लिंबाची फोड बाजूला ठेवली. भीतीने कोणाचंही तोंड सुकतं, ते म्हणाले, म्हणून ती रीत पडली असेल. पण यांच्या तोंडात सुकायला मुळात काही नव्हतंच.

घरी येताना अक्का रस्त्यातच थांबली. “तठे सांगशी? ओट्यावर? बठ्ठासना समोर?” मी हो म्हणालो, आणि तिचा चेहरा असा काही झाला की मला तिच्याकडे पाहवेना. तिला ना सासर परत हवं होतं, ना नवरा. ज्या ओट्यावर ती चोर ठरली, तिथे कोणीतरी उभं राहून ती चोर नाही एवढं म्हणावं, बास. पुढच्या सुट्टीत मी गेलो. तापी ओलांडून गेलो, ओट्यावर बसलो आणि वर्गात शिकवावं तसं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा दिला. दाजी खाली पाहत होते. मग त्यांचे काका सावकाश म्हणाले, “डाक्तरनं खरं व्हई, मास्तर. पन मंग नथ कोनी लिधी?” दाराआड बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. अक्का सुटली की दारामागच्या कोणावर तरी ते येणार होतं. या घराला सत्य नको होतं असं नाही, घर पुन्हा ढवळायला नको होतं.

मी परत येऊन हे सांगितलं, आणि आता वर्तमानपत्रातच लिहितो म्हणालो. अक्काने ऐकलं नाही. “ऱ्हाऊ दे, बापू. आते दुसरीले तांदूळ चावाले लावतीन.” मी आदळआपट केली, दोन दिवस अबोला धरला. तिला अबोल्याचा काय धाक? त्या ओट्यावरच्या बायका आहेत तोवर हे कुठे लिहायचं नाही, असा तिने माझ्याकडून शब्दच घेतला.

बऱ्याच वर्षांनी तिची सासू मोतीबिंदू काढायला धुळ्यात आली आणि, निर्लज्जपणाची हद्द म्हणजे, आमच्याकडेच उतरली. मी दारातूनच लावली असती परत. अक्काने घोंगडी अंथरली. मोतीबिंदू काढून आणल्यावर म्हातारीला ताप आला, वयही झालेलं. भाकरीचा तुकडा तिच्या सुकलेल्या तोंडात नुसता फिरत होता, खाली उतरेना. अक्काने तिच्या पुढची थाळी ओढली, भाकर ताकात कुस्करली, स्वतःसाठी रोज कुस्करायची तशीच, आणि पुन्हा पुढे ठेवली. म्हातारीने दोन घास गिळले. मग डोळ्यांवरच्या पट्टीआडून म्हणाली, “तवय तुनं बी असंच व्हतं का व?” अक्का म्हणाली, “हा.” मला वाटलं, आता म्हातारी आणखी काही बोलेल... म्हातारीने आणखी ताक मागितलं. बरी झाली आणि गेली. मी चिडलो होतो. अक्का म्हणाली, “तिनी इचारं ना, बापू.” तिला तेवढं पुरलं. मला आजही पुरत नाही.

म्हातारी गेली, दाजी गेले, त्या दिवशी ओट्यावर बसलेल्या जावांपैकीही कोणी उरलं नाही. अक्काच्या दिवसांना चोपड्याकडून कोणी आलं नाही. परवा आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. वर्षभरात गेलेल्या माणसासाठी आमच्याकडे त्या दिवशी पाण्याची घागर भरतात. आबांची सून म्हणाली, “मास्तर, दिल्या घरच्या लेकीची घागर भावाने भरायची नसते, तो मान सासरचा.” मी म्हटलं, बरं. आणि नवी घागर आणली, काठोकाठ भरली, वर खरबूज ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. आयुष्यभर ज्या बाईच्या तोंडाला पाणी नव्हतं, तिच्यापुढे एवढं पाणी पाहून मला रडू आलं. मग मी समोर बसून, कित्येक दिवसांनी, मोठ्याने म्हणालो की अक्काने नथ घेतली नव्हती. घरात ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून इथे लिहिलं.