न उमटणारा पासवर्ड

जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकट सिस्टिम टाकून द्यायला मी रविवारी बिबवेवाडीच्या एका सभागृहात बसतो. तिथे एक काका मुलाने भंगारात काढलेला कॉम्प्युटर सतरंजीत गुंडाळून घेऊन आले. लिनक्स बसलं. अपडेटसाठी स्क्रीनवरच्या, हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीने पासवर्ड मागितला, आणि काका अडले.

"अहो, काहीच उमटत नाहीये."

"इथे उमटत नाहीच, काका, ठिपकेसुद्धा नाहीत. पण आत जातोय."

"कशावरून?"

समजावून माझा घसा सुकला. ते अर्ध्यावर थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे. शेवटी एकेक अक्षर खणखणीत आवाजात म्हणत कळा दाबू लागले. सगळं सभागृह वळून बघू लागलं.

"काका, पासवर्ड मोठ्याने म्हणायचा नसतो हो!"

"दिसत नाही, तर ऐकू तरी येऊ दे."

एंटर दाबला आणि अपडेट सुरू झालं. काकांनी माझ्याकडे 'बघा' अशा नजरेने पाहिलं.

वैताग याचा, की हल्ली पासवर्ड टाकताना माझेही ओठ हलतात.