कोसे उतरेपर्यंतची दाढी

आरमोरीतल्या माझ्या सलूनमध्ये एक ढिवर वर्षातून एकदाच यायचा. ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या अळ्या असेपर्यंत वस्तरा लावायचा नाही, हा अळ्या पाळणाऱ्या ढिवरांचा नेम. कोसे, म्हणजे रेशमाचे कोष, झाडावरून उतरले की तो यायचा, आणि त्याच्या दाढीतून मी चिमण्यांची दोन बिऱ्हाडं काढली, असं गिऱ्हाइकांना शपथेवर सांगायचो. अळ्या टिपणारी पाखरं हाकलायला त्याने गोफण फिरवली की पार वडशाचे कावळे गाव बदलत.

त्या साली तो हंगामाच्या मध्येच खुर्चीत येऊन बसला.

"भाऊ, अळ्या तं झाडावरच हायेत ना अजून?"

"हायेत. व्यापारी म्हणते, चीनचा धागा सस्ता पडते, तुये कोसे नाई पायजेत."

"मंग पाखरं?"

"खाऊन राह्यले. खाऊ दे, कोनाले तं पायजेत."

मी वस्तरा उगाच घासत राहिलो. शेवटी त्यानेच गाल पुढे केला.