गजभियेकाकांचं कपाट

फुटलेली काच घेऊन कुणी गेलं की गजभियेकाका नाव विचारत नसत. "आत काय होतं जी, थंड की गरम?" एवढंच विचारत. मग तुकडे वर्तमानपत्रावर पसरून एकमेकांना लावून बघत, तडा नेमका कुठून सुरू झाला ते शोधत, आणि सगळं एका खोक्यात भरून, वर चिठ्ठी डकवून, लोखंडी कपाटात ठेवून देत.

विद्यापीठात प्रकल्प सहायक म्हणून लागल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक तीन तोंडांचा चंबू फोडला. सदाशिव पेठेतल्या संस्कारांप्रमाणे मी जिना उतरता उतरता संपूर्ण बचाव तयार केला होता: टेबल हललं, स्टँड जुना होता, पंख्याचा वारा लागला. तळघरातल्या त्या काचकामाच्या खोलीत काकांनी माझं एकही वाक्य ऐकून घेतलं नाही. त्यांनी तुकडे जुळवले आणि चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'डावी मान मुळाशी तुटली. पुढच्या वेळी: मान जाड ठेवणे.' मी म्हटलं, काका, पाडला तर मी. ते म्हणाले, "पोट्टे पाडतेच जी. मान जाड असती तर वाचला असता."

त्या कपाटात अशी शेकडो खोकी होती. प्रत्येक चिठ्ठीची शेवटची ओळ 'पुढच्या वेळी'ने सुरू व्हायची. फोडणाऱ्याचं नाव एकाही चिठ्ठीवर नव्हतं.

काका मूळचे भंडारा जिल्ह्यातले. वडील विड्या वळायचे आणि संध्याकाळी बुद्धविहारात पोरांना पाढे शिकवायचे, असं ते सांगत. काचेचं काम ते नागपुरात शिकले आणि नोकरीसाठी पुण्याला आले. घर लोणी काळभोरला. रोज दोन बस बदलून साडेनऊच्या ठोक्याला हजर. तीस वर्षं पुण्यात काढूनही त्यांच्या बोलण्याला पुण्याचं पाणी लागलं नव्हतं, आणि लागावं अशी त्यांची इच्छाही दिसली नाही. जांभळा चष्मा लावून, रबरी नळीचं टोक दातात धरून ते बर्नरपुढे बसले की खोलीत कुणी बोलत नसे. हातातली काच मऊ होऊन वाकू लागे आणि ते गालातल्या जेमतेम हवेने तिला हवा तो आकार देत. मी मोठमोठी यंत्रं पाहिली आहेत, परदेशातल्या प्रयोगशाळाही पाहून आले आहे. काकांच्या त्या दोन हातांइतकं थक्क मला कशानेच केलं नाही.

त्यांचा एक नियम मात्र सगळ्यांना छळायचा. वस्तू तयार झाली तरी त्या दिवशी ते देत नसत. ती भट्टीत जायची आणि तिथे हळूहळू निवायची. दुसऱ्या दिवशी काका दोन काळ्या काचांमध्ये धरून ती दिव्यासमोर तपासत. काचेत ताण राहिला असेल तर तिथे पांढरा पट्टा चमकायचा, जो नुसत्या डोळ्याला कधीच दिसला नसता. पट्टा नसेल तर सहीची चिठ्ठी. असेल तर लाल दोरा, आणि वस्तू परत भट्टीत. साहेबांना आजच पाहिजे, असं कुणी म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मले नका सांगू जी, काचेले सांगा."

आमचा प्रकल्प तिघांचा होता. विद्यापीठाची जागा आणि डोकं, सरकारचा निधी, आणि तिसरे पठारे. पठाऱ्यांचा शहराबाहेर निकेलचा मुलामा देण्याचा लहान कारखाना होता, अकरा कामगारांचा. धुतल्यानंतरचं हिरवट पाणी नाल्यात जायचं म्हणून त्यांना नोटीस आली होती: सहा महिन्यांत उपाय दाखवा, नाहीतर वीज तोडू. आमच्या सरांनी शोधलेल्या पद्धतीत ते पाणी एका कॉलममधून, म्हणजे उभ्या जाड नळीतून सोडलं की निकेल आतल्या दाण्यांवर अडकायचं. पुढे कोमट आम्ल सोडून ते परत मिळवायचं. कागदावर सगळं उत्तम होतं. प्रत्यक्षात पाणी नळीच्या कडेकडेने पळून जायचं आणि निकेल तसंच बाहेर यायचं. सरांनी त्यावर दोन महिने गणितं केली. काकांनी एका दुपारी नुसतं पाणी वाहताना पाहिलं आणि दाणे धरून ठेवणारी आतली जाळी सपाट न ठेवता वाटीसारखी खोलगट करून जोडली. त्यानंतर थेंबभरही कडेने पळालं नाही. सर म्हणाले, "ठीक आहे." पुण्यात याला कौतुक म्हणतात.

निधीचा पुढचा हप्ता मिळायचा तर सरकारी समितीपुढे प्रात्यक्षिक व्हायला हवं होतं, आणि पठाऱ्यांची वीज त्या हप्त्यावर अवलंबून होती. नेमकी समितीची तारीख दोन दिवस अलीकडे आली. आदल्या दुपारी काकांनी समितीसाठी बनवलेला नवा, मोठा कॉलम तपासला तर खालच्या जोडात पट्टा. त्यांनी लाल दोरा बांधून तो खिडकीजवळच्या उघड्या फळीवर ठेवला. भट्टीत दुसऱ्या विभागाचं काम होतं, त्यामुळे तो सकाळी परत घालू म्हणाले. सरांनी उद्या अकराला समिती येणार असल्याचं बजावून सांगितलं. काकांचं उत्तर वर दिलंच आहे. सर ताडताड निघून गेले.

सकाळी सव्वादहा झाले तरी काका आले नव्हते. त्यांची बस स्वारगेटच्या अलीकडे कोंडीत अडकली होती. सरांनी मला एवढंच म्हटलं होतं, की अकराला काहीतरी चालू दिसलं पाहिजे. बाहेर पठारे इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाचा घाम पुशीत फेऱ्या मारत होते. मी तळघरात गेले. कॉलम हातात घेऊन उजेडात फिरवून पाहिला. नितळ होता, कुठे रेघसुद्धा नव्हती. मला वाटलं, म्हाताऱ्याचा हट्ट आहे झालं. मी दोरा सोडला आणि खिशात टाकला.

पहिली वीस मिनिटं सगळं छान चाललं. हिरवट पाणी आत, स्वच्छ पाणी बाहेर. समितीच्या अध्यक्षा, मुंबईहून आलेल्या एक निवृत्त अभियंता बाई, पुढे वाकून पाहत होत्या. मग मी कोमट आम्ल सोडलं. टक् असा लहानसा आवाज झाला, खालचा जोड सुटला आणि गडद हिरवं पाणी टेबलावरून, समितीच्या फायलींवरून वाहत जमिनीवर आलं. कुणाला इजा झाली नाही. पठारे मात्र खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत.

तेवढ्यात काका दारात आले. खांद्यावर डब्याची पिशवी होती. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, हातमोजे चढवले, तुकडे उचलले आणि सवयीने जुळवू लागले. अध्यक्षांनी विचारलं, हे तुम्ही बनवलंत का. ते म्हणाले, "हो जी, मीच." मग फुटलं कसं? "जोडात ताण होता. मले माहीत होतं."

दोऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुढचा प्रश्न उघड होता, आणि त्याचं उत्तर माझ्या खिशात होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं की काकांनी हा कॉलम बाजूला काढून लाल दोरा बांधला होता, तो मी सोडला. सर खिडकीबाहेर पाहू लागले.

अध्यक्षा काही बोलण्याआधीच काका म्हणाले, "चला जी, खाली चला. नवीन बनवून दाखवतो." आणि खरोखरच सगळी समिती त्यांच्यामागून तळघरात उतरली. पुढचे दोन तास मी आयुष्यभर विसरणार नाही. ती माणसं भिंतीला पाठ लावून उभी होती. काका ज्योत फिरवत होते, नळी वितळत होती, ती वाटीसारखी जाळी आत जाऊन तिच्या जागी बसत होती. एकाचाही मोबाइल वाजला नाही, किंवा वाजला असेल तर कुणी उचलला नाही. अध्यक्षांनी जाळीबद्दल विचारलं, तेव्हा काकांनी पाणी कडेने का पळायचं ते चार वाक्यांत सांगितलं. बाईंनी सरांकडे वळून शांतपणे चौकशी केली, पेटंटच्या अर्जात यांचं नाव आहे ना? सरांनी ते घालायचंच आहे असं सांगितलं. त्यांना ते त्याच क्षणी सुचलं होतं, पण पुढे घातलं हे खरं.

कॉलम तयार झाला. अध्यक्षा म्हणाल्या, चला, मग वर जाऊन चालवून बघू या. काकांनी तो भट्टीत ठेवला आणि दार लावलं.

"आज नाही जी. उद्या."

बाईंनी संध्याकाळी मुंबईला परत जायचं असल्याचं सांगितलं. काकांचं पुढचं वाक्य मला पाठ होतं. पठाऱ्यांचे अकरा कामगार, त्यांची वीज, आमचा प्रकल्प, सगळं त्या बाईंच्या एका सहीवर होतं. काकांनी चष्मा काढून पुसला आणि जो आवाज ते मला, सरांना, शिपायाला लावत, त्याच आवाजात म्हणाले, "मले नका सांगू जी, काचेले सांगा."

बाईंनी भट्टीच्या बंद दाराकडे पाहिलं. मग विचारलं, "उद्या किती वाजता?"

समितीतले बाकीचे लोक संध्याकाळी गेले. त्या एकट्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांच्याच हातात काळ्या काचा दिल्या, पट्टा नाही हे त्यांना पाहू दिलं, मग चिठ्ठी लावली. कॉलम दिवसभर चालला. पठाऱ्यांची वीज तुटली नाही. पुढे करारनाम्यात पठाऱ्यांनी हट्टाने एक ओळ घालून घेतली, की कोणतंही उपकरण काचकाम विभागाच्या चिठ्ठीशिवाय वापरायचं नाही. कायदा विभागाने नाकं मुरडली, पण ओळ राहिली.

काका मला एका शब्दानेही बोलले नाहीत. मात्र पुढच्या आठवड्यात खिडकीजवळची ती उघडी फळी रिकामी दिसली. लोखंडी कपाटाचा एक कप्पा मोकळा करून लाल दोऱ्याच्या वस्तू तिथे गेल्या होत्या, आणि कपाटाला नवं कुलूप होतं. मी समजायचं ते समजले. ते बोलले असते तर बरं झालं असतं. त्या कुलपाकडे पाहिलं की दर वेळी मला मान खाली घालावीशी वाटे.

काका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली. "ठेवा जी ताई," एवढंच म्हणाले. त्यांची जागा भरली गेली नाही. तळघराला टाळं लागलं. मी उद्योगांबरोबरचे करार पाहणाऱ्या कचेरीत गेले आणि किल्ली टेबलाच्या खणात पडून राहिली. ती वापरायचं धैर्य मला झालं नाही.

गेल्या पावसाळ्यात काका गेले. लोणी काळभोरला त्यांच्या घरी बुद्धवंदनेला जाऊन आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तळघराचं टाळं काढून घेतलं आणि कपाट उघडलं. आमच्या कॉलमचं खोकं वरच्याच कप्प्यात होतं. तुकड्यांवर हिरवा रंग अजून होता. चिठ्ठीवर तेच सुवाच्य अक्षर: 'खालच्या जोडात ताण. पुढच्या वेळी: दोरा बांधून वस्तू उघड्यावर ठेवू नये. घाईतल्या माणसाला दोरा दिसत नाही. कुलूप लावणे.'

माझं नाव नव्हतं. इतकी वर्षं मी ज्या कुलपापुढे मान खाली घालत होते, ते त्यांनी स्वतःच्या चुकीला लावलं होतं. मी तिथेच स्टुलावर बसून रडले.

तेव्हापासून जपलेला लाल दोरा पर्समधून काढून मी त्या खोक्यात ठेवला. तो माझ्याकडे असायचं तसं काही कारण नव्हतं.