बोटीचे वायपर आणि कप्तानकाका

ऊन कितीही रणरणतं असो, कप्तानकाका बोटीचं इंजिन सुरू करण्याआधी वायपर सुरू करायचे. तलावातून लोटाभर पाणी घ्यायचे, ते केबिनच्या पुढच्या काचेवर ओतायचे, मग आत जाऊन बटण दाबायचे. दोन्ही दांड्या काचेवरून एकदा फिरून आपल्या जागी नीट येऊन बसल्या की मगच इंजिनाला हात. बोटीत बसलेली मंडळी हसायची. एकदा रायपूरकडचे एक शेटजी म्हणाले, "कप्तान साहब, बारिश कहाँ है?" काका मागे न वळता म्हणाले, "आएगी तब देखने बैठूँगा क्या?"

त्यांचं खरं नाव गावातही फारसं कोणी घेत नसे. तलावावर सहलीची बोट आली, ती चालवायला मासेमारांच्या ढीवर मोहल्ल्यातला सगळ्यात जाणता माणूस म्हणून ठेकेदाराने त्यांना घेतलं, आणि पर्यटकांनी त्यांना कप्तान करून टाकलं. मी धक्क्यावर तिकीट खिडकीत बसायची. माझ्या वडिलांच्या वयाचे, म्हणून मी त्यांना कप्तानकाका म्हणायला लागले. हळूहळू त्यांची बायकोही "तुमचे कप्तानकाका जेवले का?" असं मला विचारू लागली. ती बिचारी लवकर गेली.

बोट जुनीच होती, कुठूनशी समुद्रावरून विकत आणलेली. काचेची केबिन आणि वर निळं छत. इंजिन बरं होतं, पण खाऱ्या हवेने वायपरच्या सांध्यांत गंज धरला होता. ठेकेदार म्हणाला, राहू द्या, इथे कुठे समुद्र आहे. काकांना ते पटलं नाही. आमच्या तलावात पाण्याखाली जुन्या झाडांचे खुंट उभे आहेत, आणि पाण्यावर ढीवरांची जाळी असतात. त्या जाळ्यांना बांधलेले थर्माकोलचे तुकडे उन्हातसुद्धा लांबून दिसत नाहीत. आडवी सर आली की काचेवरून नुसतं पाणी वाहतं आणि पुढचं सगळं पांढरं होतं. "इंजिन बंद पडलं त बोट थांबते," काका म्हणायचे. "काच दिसेनाशी झाली त माणूस थांबत नाही. जातच राहाते. म्हणून काच पहिले."

गंजलेल्या सांध्यांना त्यांनी किती दिवस तेल पाजलं कोण जाणे. या मापाचं रबर गोंदियात मिळेना, तेव्हा बसच्या वायपरचं रबर आणून ते ब्लेडने कापून बसवलं. उन्हाळ्यात दोन्ही दांड्या काचेपासून उचलून खाली कापडाच्या गुंडाळ्या लावून ठेवायचे, नाहीतर तापलेल्या काचेवर रबर चिकटून वाकडं होतं. धान कापणीच्या दिवसांत हवेत कुसं आणि धूळ उडते, ती काचेवर बसते. तशा कोरड्या काचेवर कोणी वायपर फिरवला की काका कळवळायचे. "काचेले ओरखडून राहिला ना बा. पाणी टाक पहिले."

ही सवय बोटीपुरती राहिली नाही. गाड्या उभ्या करायच्या जागेत ते रिकाम्या वेळी फिरायचे आणि पर्यटकांच्या गाड्यांचे वायपर उचलून रबरावरून नख फिरवायचे. एकदा नागपूरच्या एका साहेबांनी पाहिलं आणि चांगलेच भडकले. गाडीला हात लावायला कोणी सांगितलं, म्हणून. काकांनी दांडी हळूच काचेवर ठेवली. "फाटलं आहे जी रबर. पाऊस भरून आला आहे. देवरीच्या घाटात पंचाईत होईन." साहेब पुटपुटत गेले. काकांच्या चेहऱ्यावर राग वगैरे काही नव्हता. फक्त गाडी वळणाआड जाईपर्यंत ते बघत राहिले.

मलाही त्यांनी थोडंफार शिकवलं होतं. पावसाळ्यात झड लागून बोट बंद राहायची तेव्हा दुसरं काम नसायचं. वायपर चालेना तर आधी कान द्यायचा. मोटर घरघरते आणि दांडी हलत नाही, म्हणजे मोटर चांगली आहे, दांडीच्या बुडाचा नट ढिला आहे. आवाजच नाही, तर आधी फ्यूज. फ्यूज चांगला असला तर वायरीचं तोंड बघायचं, हिरवं पडलं असलं तर पॉलिश पेपरने घासायचं. "लोक पहिलेच मोटर खोलते," काका म्हणायचे. "सोप्पं आहे थे पहिले पाह्य. अवघड कुठी पळून नाही जात."

त्यांचा एकुलता मुलगा प्रकाश ट्रक चालवायचा. गोंदियाच्या राईस मिलमधून तांदूळ भरायचा आणि रायपूरच्याही पलीकडे जायचा. बायको कविता आणि लहान मुलगी गावी, काकांपाशी. दिवसातून एकदा तरी त्याचा फोन यायचाच. बापलेकांचं बोलणं म्हणजे जेवलास का, गाडी कशी आहे, पाऊस आहे का, एवढंच.

त्या दिवशी दुपारी पाऊस होता आणि बोट बंद होती. काका माझ्या खिडकीशी चहा घेत बसले होते. प्रकाशचा फोन आला. त्याच्या बाजूचा वायपर बंद पडला होता, दुसरा चालत होता. गाडी रस्त्याकडेला लावून तो विचारत होता.

"दुसरी दांडी चालून राहिली ना? मंग मोटर चांगली आहे," काका म्हणाले. "बुडाचा नट ढिला झाला असन. टोपण काढ, पाना लाव. दांडी पहिले खाली आपल्या जागी टेकव, मंगच कसजो."

ते फोन कानाला लावून बसून राहिले. मला पलीकडून नुसता पावसाचा आवाज येत होता. मग प्रकाश काहीतरी बोलला आणि काकांचा चेहरा उजळला. "चालला ना? जाय मंग. आरामानं जाजो." फोन ठेवून त्यांनी दुसरा चहा मागितला. तसं ते कधी मागत नसत.

तासाभराच्या आतच प्रकाश गेला. एक बिघडलेला ट्रक रस्त्याच्या मधोमध उभा होता, मागे दिवा नाही, झाडाची फांदी नाही, काही नाही. त्या पावसात प्रकाशची गाडी मागून त्यात शिरली. मदतीला धावलेल्यांपैकी एकजण नंतर गावी येऊन भेटून गेला. त्याने भाबडेपणाने सांगितलं, आम्ही पोचलो तेव्हा वायपर फिरतच होते. काकांनी त्याला पाणी दिलं, जेवून जा म्हणून आग्रह केला. स्वतः मात्र ताटावरून उठून गेले.

महिन्याभराने ते कामावर परत आले. लोटा धक्क्यावर पडून राहायला लागला. वायपरला त्यांनी हात लावणंच सोडलं. आभाळ थोडं जरी दाटलं तरी बोट काढायचे नाहीत, आणि मध्येच सर आली तर जिथे असतील तिथे नांगर टाकून इंजिन बंद करून बसायचे. पर्यटक ओरडायचे, ठेकेदार चिडायचा. मी एकदा विचारलं, "काका, वायपर काऊन नाही लावत?"

ते नांगराचा दोर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मी त्याले सांगलो नसतो त तो थांबला असता. ढाब्यावर बसला असता, पाऊस उघडल्यावर निंगाला असता. मीच त्याले जाय म्हणलो."

मी म्हटलं, चूक त्या उभ्या ट्रकवाल्याची. त्यांनी मान डोलावली. ते त्यांनाही कळत होतं, पण त्याने काही हलकं होत नव्हतं. उठताना म्हणाले, "कविताले नको सांगजो. माहं तोंड पाह्यणार नाही थे."

कविता तोवर मुलीला घेऊन तिरोड्याला माहेरी गेली होती. तिथे शिवणकाम करायची. काका दर कापणीनंतर तांदळाचं पोतं घेऊन एसटीने जायचे, पोतं दारात ठेवायचे, नातीच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि त्याच पावली परत. मला वाटायचं, दुःखच मोठं आहे, बसवत नसेल तिथे.

पुढच्या पावसाळ्यात पलीकडच्या काठावरच्या टोल्यातून, चार घरांच्या वस्तीतून, फोन आला. एक बाई अडली होती. नाल्याला पूर, रस्ता पाण्याखाली, गाडी येऊ शकत नव्हती. नावेतून आणावं तर वाऱ्याने लाटा उठल्या होत्या. बोटीशिवाय मार्ग नव्हता, आणि पाऊस असा की धक्क्यावरून छत्रीबाहेरचं दिसत नव्हतं. ठेकेदारही म्हणाला, "कप्तान, तुमची मर्जी. मी जबरदस्ती करणार नाही."

काका केबिनमध्ये गेले. मीही मागोमाग गेले. बटण दाबलं, आवाज नाही. वर्षभर कोणी पाहिलंच नव्हतं. ते खाली बसले, फळी उघडली, फ्यूज काढून डोळ्यांसमोर धरला. फ्यूज दोनदा हातातून निसटला. मी टॉर्च धरून होते. फ्यूज चांगला होता. मग त्यांनी वायर ओढून पाहिली. तोंड हिरवंगार झालं होतं. ते घासताना मात्र हात चुकला नाही. वायर जोडली, बटण दाबलं, मोटर कुरकुरली आणि दांड्या हलल्या. वाळलेल्या रबराने काच अर्धीमुर्धीच पुसली जात होती, पण मधून एक वितीएवढी जागा दिसत होती. त्या जागेला डोळा लावून त्यांनी बोट हाकली. 

बाई आली, तिच्याबरोबर तिची सासू आली. या काठावर गाडी उभीच होती. रात्र पडायच्या आत दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. धक्क्यावर सगळे एकमेकांना सांगत होते. काका बोटीतच बसून होते. मी सांगायला गेले तर म्हणाले, "बरं झालं." मग काचेकडे पाहत म्हणाले, "हातायले सबन याद आहे. मीच विसराले पाह्यतो." आणि ते रडले. प्रकाश गेल्यावर मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहत होते.

ठेका संपला, नवा कोणी घेतला नाही, बोट काठावर ओढून ठेवली गेली. मी गोंदियात एका दुकानात कामाला लागले. मग कळलं, काकांना लकवा मारला. एक बाजू गेली होती, बोलणं अडखळत होतं. दवाखान्यातून सोडायची वेळ आली तेव्हा कविता रिक्षा घेऊन आली आणि कोणाला न विचारता त्यांना तिरोड्याला आपल्या घरी घेऊन गेली. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. "मामाजी, चला घरी," एवढंच ती म्हणाली.

मी भेटायला गेले त्या दुपारी ती शिलाई मशीन बाजूला सारून त्यांना भात भरवत होती. काकांनी दोन घास खाल्ले आणि चांगल्या हाताने तिचा हात धरून थांबवला. मला वाटलं, मी उठावं. पण त्यांनी मलाही खुणेने बसवलं. मग अडखळत, थांबत थांबत, त्यांनी तिला सगळं सांगितलं. प्रकाशचा फोन, नट, पाना, जाय मंग म्हणालो ते. "मीच... पाठवलो त्याले," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.

कविताने ताट खाली ठेवलं. "मले माहीत आहे, मामाजी," ती म्हणाली. "तुमच्याशी बोलणं झाल्यावर त्याईनं मले फोन केला होता."

काकांनी मान वळवली.

"म्हणाले, माहा बाप तिकडं तलावावर बसून इकडं गाडी दुरुस्त करते. आहे का कोणाचा असा बाप? सांगत होते आन् हासत होते."

"हासत होता?"

"हो. खूप हासले."

 मग काका म्हणाले, "कवाच... नाही सांगितली तू."

"तुम्ही घरात टेकतच नव्हते ना," कविता म्हणाली.  "पोतं ठेवलं का चालले. मले वाटे, मामाजीचा माह्यावरच राग आहे. गाडी सोडून घरी राहा, असं मी त्याईले कधी म्हटलं नाही, म्हणून."

त्यानंतर मी जमेल तशी तिरोड्याला जात राहिले. काका थकत चालले होते, पण संध्याकाळी कविता मशीन बंद करून जवळ बसली की ते विचारायचे, "का म्हणला तो?" आणि ती सांगायची, जसं प्रकाश म्हणाला होता तसं, त्याच्या हसण्यासकट. कधी कधी काकांच्या ओठांची एक बाजू हलायची. तेवढंच हसू त्यांना जमत होतं. नातही ते ऐकून ऐकून पाठ म्हणायला लागली.

शेवटच्या आठवड्यात त्यांचं बोलणं पूर्ण बंद झालं. डोळेही क्वचित उघडायचे. मी गेले त्या संध्याकाळी कविताने मशीन झाकलं, हात धुतले आणि उशाशी येऊन बसली. आता कोणी विचारणारं नव्हतं. तिने काकांचा हात हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली. काकांनी डोळे उघडले नाहीत. ती थोडी थांबली, त्यांच्या कानाशी वाकली आणि परत पहिल्यापासून सांगू लागली.