आमच्या ह्यांचं माप

आमचे हे मीडियम होते. हसू नका, आमच्या धंद्यात माणसाची ओळख अशीच असते. छाती, खांदा, कंबर, हाताची लांबी, सगळं मीडियम साइजच्या चार्टला तंतोतंत जुळणारं. भिवंडीत आमचा कपडे शिवायचा छोटा गाळा. हे कटिंग मास्टर, मी तयार माल तपासून पॅकिंगला देणार, मशीनवर यूपीकडचे कारागीर. नवं सॅम्पल शिवून झालं की टेप शोधत कोण बसतंय? ह्यांच्या अंगात घालायचं, एकदा गोल फिरवायचं, बसलं की काम झालं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हेच बघत होते.

त्या वर्षी परदेशातल्या पळणाऱ्या लोकांच्या क्लबांची ऑर्डर आली. तिकडे बर्फ पडतं म्हणे, आणि ही माणसं पहाटे उठून त्यात पळतात. हौस म्हणायची, दुसरं काय. त्यांच्यासाठी गरम जॅकेट शिवायची होती. फ्लीसची, म्हणजे आतून ब्लँकेटसारखी मऊ, छातीवर क्लबचं नाव आणि चिन्ह छापलेलं. इकडे आमच्या गाळ्यावर तापलेला पत्रा, पंखे फुल, आणि हे गळ्यापर्यंत चेन ओढून उभे. घामाच्या धारा लागायच्या. ऑर्डर देणाऱ्या एजंट बाईंचं फोनवर एकच पालुपद होतं, की जॅकेट अंगाला नीट धरून बसलं पाहिजे, पळताना आत वारा शिरता कामा नये.

पहिलं सॅम्पल ह्यांना सैल झालं. कापड ताणतंय, हे म्हणाले. मी तोंडात टाचण्या धरून दोन्ही कुशींना कापड चिमटलं आणि खूण केली, इथनं घ्या. त्यांनी खाकी कागदाचा पॅटर्न तेवढा कापला. थोड्या दिवसांनी दुसरं सॅम्पल शिवलं, तेही सैल. पुन्हा टाचण्या, पुन्हा कात्री. शेवटी एक चापूनचोपून बसलं. ह्यांना दाराशी उजेडात उभं करून मी समोरून, मागून फोटो काढले आणि बाईंना पाठवले. बाईंना फिटिंग फार आवडलं. लॉट कापायला घेतला.

तेव्हा आम्ही सगळे ह्यांची चेष्टा करायचो. कारागीर म्हणायचे, मास्टरजी तो हीरो हो गए. मी म्हणायचे, पळणाऱ्यांचे कपडे शिवून शिवून ह्यांचंच पोट पळालं. खरं सांगते, मला बरं वाटत होतं. पोट कमी करा म्हणून माझीच कटकट असायची. रात्री हे अर्धी भाकरी ताटात टाकून उठले तरी मी म्हणायचे, उकाड्यानं भूक मेलीय.

माल तयार झाला आणि एजंट बाईंच्या ऑफिसातला चेकर आला. त्यानं टेबलावर जॅकेट पसरून टेप लावला. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला लावला. "भाभी, मीडियम पर स्मॉल का माप आ रहा है. पूरा लॉट छोटा है."

माझं डोकंच फिरलं. एवढी वर्षं एक नग परत आला नव्हता. मी म्हटलं, आधी टेप बदलून आणा तुमचा. ढिगातलं एक जॅकेट ओढलं आणि ह्यांच्या हातात दिलं. "घाला हो, दाखवा ह्यांना मीडियम कसं बसतं ते."

ह्यांनी घातलं, चेन ओढली. कुठे सुरकुती नाही, कुठे झोळ नाही. मी चेकरकडे असं बघितलं की आता बोल. तो जॅकेटकडे बघतच नव्हता. तो ह्यांच्या गळ्याकडे बघत होता, जिथे कॉलरच्या वर हाडं दिसत होती. मीही बघितलं. रोज बघत होते तोच गळा. मी माझ्या गळ्यातला टेप काढला, जॅकेट उतरवायला लावलं आणि ह्यांच्या छातीभोवती टेप धरला. तो आकडा मला झोपेतही पाठ होता. टेप त्याच्या कितीतरी आधीच मिटला.

मशीनी थांबल्या होत्या. हे हळूच म्हणाले, "लॉट बरोबर हाय गं. मीच कमी झालोय."

तपासणीत ह्यांच्या पोटात गाठ निघाली, आणि ती पसरलेली होती. डॉक्टर म्हणाले, एक कडक औषध आहे, पण ह्या अंगाला ते झेपणार नाही. आधी अंगावर थोडं मांस येऊ दे, मग बघू. एवढ्या एका गोष्टीवर सगळं अडलं होतं. मी गाळा बंद केला आणि ह्यांना गावी, दिघाशीला घरी घेऊन आले. खिमट, अंडी, दूध, जे घशाखाली उतरेल ते भरवायला लागले.

नापास झालेला लॉट टेम्पोनं आमच्या मागोमाग घरी आला. दुसऱ्याच्या क्लबचं नाव छापलेलं, बाजारात कुठे नेणार? आम्ही गावात वाटून टाकला. थंडी पडायला लागली होती. गोडाउनच्या शिफ्टला जाणारी माणसं सकाळी बाइकवरून ती जॅकेटं घालून निघायची. भाताच्या झोडणीला बायका तीच घालायच्या. हे ओट्यावर उन्हात बसून बघायचे. शेजारचे काका एकदा थांबून म्हणाले, "मास्तर, जसं काय माझंच माप घेतलं तुम्ही." ह्यांना केवढा आनंद झाला. मी आत जाऊन चुलीपुढं रडून घेतलं. मला त्या जॅकेटांचा राग यायचा. ह्यांचा आजार अंगावर घालून सगळं गाव हिंडतंय असं वाटायचं.

वजनकाटा घरात नव्हता, टेप होता. दर बाजाराच्या दिवशी मी ह्यांची छाती मोजायचे. हे लबाड, श्वास भरून छाती फुगवायचे. मी म्हणायचे, सोडा श्वास, मला फसवता होय? मग हसायचे आणि सोडायचे. मी जो आला तोच आकडा सांगायचे, कधी तेवढाच, कधी कमी. मापात खोटं बोलायची मला सवय नव्हती.

नंतर नंतर हे खाटेवरून उठेनासे झाले. एका सकाळी स्वतःच म्हणाले, "टेप आण." मी पाठीखालून टेप सरकवला, पुढे आणला. ह्यांनी श्वास भरायचा प्रयत्न केला, पण तो भरलाच नाही. टेपची दोन टोकं माझ्या हातात होती आणि मला आकडा वाचवेना.

"किती?"

मी त्यांचा जुना आकडा सांगितला. मीडियमचा.

सगळा जन्म टेप हाताळण्यात गेलेला माणूस. छातीवर टेप कुठे मिटलाय ते त्याला बघावं लागत नव्हतं. हे माझ्या तोंडाकडे बघून म्हणाले,

"मग आता त्या लॉटातलं जॅकेट मला बसायचं न्हाय."

"न्हाय बसायचं," मी म्हटलं. "मोठं शिवाया लागंल."