अक्कांचं पथ्य

कळ आली की अक्का जेवणाच्या टेबलाभोवती फिरायच्या. एका हाताने कंबर दाबून, दुसऱ्याने खुर्च्यांचा आधार घेत. आम्ही घास खाली ठेवले की म्हणायच्या, "तुम्ही जेवा. मी आलेच."

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. यशवंतपूरच्या शाळेत गणित शिकवायच्या. नव्वदच्या दशकात मी लग्न होऊन पुण्याहून बंगळूरला आले, तेव्हाच त्यांच्या मूतखड्यांची दोन ऑपरेशनं झालेली होती. खडे पुन्हा होतच राहिले, म्हणून डॉक्टरांनी लघवीतलं ऑक्झलेट, म्हणजे ज्याचे खडे बनतात तो क्षार, तपासायला सांगितलं. त्यासाठी चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये साठवायची होती. तो कॅन कापडी पिशवीत घालून आम्ही रिक्षाने इंदिरानगरच्या लॅबकडे निघालो. तेल आहे का, असं रिक्षावाल्याने कन्नडमध्ये विचारलं. "हो, महागाचं आहे. स्वल्प जपून चालव," अक्का गंभीरपणे म्हणाल्या. मला हसू आवरेना.

ऑक्झलेट फार वाढलेलं निघालं. पालक, शेंगदाणे, चहा, सगळं बंद झालं. अक्का लग्नाच्या पंगतीतही नुसता दहीभात खायच्या. तरी पुढच्या तपासणीत आकडा तेवढाच आला. "खरं सांगा, काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं. घरी सासूबाईंनी त्यांचं कपाट उघडून पाहिलं. अक्का शेजारीच उभ्या होत्या. "खालचा कप्पा राहिला, आई," एवढंच म्हणाल्या.

शेवटी दुसऱ्या एका डॉक्टरांनी उलगडा केला. हा जन्मजात दोष होता. त्यांचं यकृतच जास्तीचं ऑक्झलेट तयार करत होतं.

"म्हणजे माझ्या खाण्यामुळे नाही?"

"नाही."

अक्का तिथेच रडल्या. मलाही हायसं वाटलं. घरी पोचेपर्यंत कळून चुकलं, की आता बंद करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. दिलेल्या गोळ्यांचा उपयोग झाला नाही. यकृत बदलणं तेव्हा आमच्या आवाक्यातलं नव्हतं.

मूत्रपिंडं निकामी झाल्यावर पाणीसुद्धा मोजून मिळू लागलं. एका दुपारी हॉस्पिटलमध्ये त्यांनी आणखी एक घोट मागितला. मी नर्सला विचारायला गेले आणि तशीच परत आले. माझा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "सरी, असू दे. बस इथे."

मी ओल्या कापसाने त्यांचे ओठ टिपले. दोन दिवसांनी त्या गेल्या.