घातचतुर्दशीचा यजमान

सकाळचा चहा मला खुनाशिवाय गोड लागत नाही. हे ऐकून घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा कप खाली ठेवतो, म्हणून लगेच सांगून टाकते की मी मुलींच्या इंटर कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं आणि बेडूक सोडून कुणावर सुरी चालवली नाही. पण हिंदी पेपर आला की गुन्ह्यांचं पान आधी उघडायचं, हा माझा नेम आहे. पेपरवाल्यालाही तो ठाऊक आहे. गल्लीतूनच वर बघून सांगतो, "माताजी, आज दू ठे मर्डर हौ." दोन खून म्हटल्यावर मी जरा जास्त दूध घालून चहा टाकते.

खुनापेक्षाही मला गुन्हेगारांचा वेंधळेपणा प्रिय. रामनगरात एका चोरानं दुकानातले चारही कॅमेरे उतरवून नेले आणि चित्रण ज्या डब्यात साठतं तो डबा तिथेच ठेवला. चारही कॅमेऱ्यांतलं शेवटचं दृश्य त्याच्या नाकाचं होतं. आणखी एकानं चोरीच्या मोटरसायकलवर बसून स्वतःच्या लग्नाची वरात काढली, आणि गाडीचा मालक त्याच वरातीच्या बँडात ढोल वाजवत होता. असल्या बातम्या मी मोठ्यानं वाचते. आमचे हे तेव्हा देवघरात संध्येला बसलेले असतात. सकाळी सकाळी कुठली मढी उकरतेस, म्हणून रोज रागावतात. पण मी मुद्दाम मधेच थांबले की आचमनाची पळी हातात तशीच राहते आणि आतून विचारणा होते, "मग? सापडला का?"

संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं बिऱ्हाड आहे. हे तीर्थोपाध्याय, महाराष्ट्रातून काशीला श्राद्धाला येणाऱ्यांचं सगळं कर्म अमृतराव नावाच्या घाटावर करवून देतात. त्यांची एक पद्धत आहे. यजमानाला आधी कागदाचा तुकडा द्यायचा, त्यानं आपल्या हातानं गेलेल्यांची नावं, गोत्र आणि नातं लिहून द्यायचं, म्हणजे ऐन पाण्यात उभं राहून आजोबांचं नाव आठवत बसायला नको. पितृपक्ष संपला की त्या चिठ्ठ्या मी दुपारी वहीत उतरवते, गावाप्रमाणे, घराण्याप्रमाणे. माझं अक्षर चांगलं आहे. ह्यांचं त्यांना स्वतःलाही वाचता येत नाही. पुढे कधी एखाद्याचा पणतू आला की वही उघडून त्याला त्याचे पूर्वज दाखवायचे, आणि तो रडला तर पाणी द्यायचं. मला हे काम मनापासून आवडतं.

गेल्या पितृपक्षात द्वादशीला चाळिशीचे एक गृहस्थ आले. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचे, अंगानं भरलेले, बोलायला गोड. त्यांना चतुर्दशीला श्राद्ध करायचं होतं. ह्यांनी सुचवलं की एक दिवस पुढे ढकललंत तर सर्वपित्री अमावस्येला सगळ्यांचं एकदमच होईल. ते म्हणाले, आईवडिलांचं अमावस्येलाच करू, पण हे एक चतुर्दशीलाच. आता त्या पंधरवड्यात चतुर्दशी राखून ठेवलेली असते ती घातानं गेलेल्यांसाठी, म्हणजे कुणी हत्यारानं मेला, कुणी अपघातात. अंथरुणावर गेलेल्याचं श्राद्ध त्या दिवशी करत नाहीत. ह्यांनी विचारलं, अपघात का? ते म्हणाले, हो, अपघातच. मी त्यांना आल्याचा चहा दिला. त्यांनी मला काकू म्हटलं आणि चहाची तारीफ केली, आणि मला ती आवडली, हे आज लिहिताना लाज वाटते.

त्यांनी सगळं यथासांग केलं. डोकं भादरलं, तीन बुड्या मारल्या, आणि पिंडाला नमस्कार करताना इतके रडले की ह्यांनी घरी येऊन सांगितलं, मैत्री असावी तर अशी. कारण त्या दिवसाच्या चिठ्ठीवर एकच नाव होतं, बापाच्या नावासकट, गोत्रासकट, आणि नात्याच्या जागी लिहिलं होतं, मित्र.

दिवाळीच्या आठ दिवस आधी ती चिठ्ठी माझ्या हाताखालून गेली. आडनाव विरळ, म्हणून दोनदा वाचून वहीत नीट उतरवलं. त्याच आठवड्यात माझ्या भाचीनं फोनवर एक व्हिडिओ पाठवला. भाची सांगलीत असते आणि तिला माझीच खोड लागली आहे. सापडेल तो गुन्हा मला पाठवते. तिकडच्या कुठल्याशा चॅनलची बातमी होती. ज्येष्ठ महिन्यापासून एक व्यापारी बेपत्ता, आणि मूलबाळ नसलेली त्याची बायको कॅमेऱ्यापुढे हात जोडून सांगत होती की जिथे असाल तिथून या, तुम्हाला कुणी काही बोलणार नाही. खाली त्याचं नाव आलं. तेच नाव, तेच आडनाव. तिच्या मागून एका माणसानं पाण्याचा पेला पुढे केला. डोक्यावर नखाएवढे केस वाढले होते, पण चेहरा मी लगेच ओळखला, आमचे चतुर्दशीचे यजमान. हा त्याचा जिवलग मित्र आणि धंद्यातला भागीदार, शोधाशोध करण्यात सगळ्यांत पुढे, असं बातमी देणारा सांगत होता.

चाळीस वर्षं मी खून वाचत आले, पण बातमीतलं नाव माझ्याच वहीत असायची ही पहिली वेळ.

ह्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी चष्मा पुसून तीनदा पाहिला आणि फोन पालथा ठेवला. मी म्हटलं, पोलीस थान्यात कळवायला हवं. ते नाही म्हणाले. माणूस गंगेत उभा राहून आपल्या मेलेल्यांची नावं सांगतो, ती नेऊन मी पोलिसांना द्यायची? उद्या कोण माझ्यापुढे खरं नाव घेईल? मी म्हटलं, आणि ती बाई रोज दाराकडे डोळे लावून बसली आहे, तिचं काय? मग त्यांनी उलट बाजूही तपासली. मित्र सापडत नाही, आशा सुटली, म्हणून बिचाऱ्यानं केलं असेल. पण हे स्वतः बोलता बोलताच ते थांबले. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची असते, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. चार महिन्यांत कुणी पिंड ठेवत नाही, आणि ठेवलाच तरी चतुर्दशी गाठून नाही. मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांचं म्हणणं पटतही होतं, म्हणून जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उघडला नाही. संध्या आटोपून हे बाहेर आले, समोर बसले आणि म्हणाले, "नवऱ्याचं कर्म करायचा अधिकार त्या बाईचा. मी भलत्याच माणसाच्या हातानं करवून घेतलं. चूक माझी आहे, आता मलाच निस्तरायची आहे. फोन लाव."

तिकडच्या पोलिसांचा नंबर भाचीनं शोधून दिला. एक हवालदार बोलायला आला. काशीचे गुरुजी बोलतायत म्हटल्यावर त्याला आधी वाटलं की देणगी मागतायत. पुरावा काय, म्हणून त्यानं विचारलं. हे म्हणाले, तिथी. मग पंधरवड्यातली कुठली तिथी कुणाची हे त्यांनी प्रतिपदेपासून सुरू केलं. मी खुणेनं सांगत होते, थेट चतुर्दशीवर या. पण ह्यांना मधून कुठलीच गोष्ट सांगता येत नाही. अविधवा नवमीला हवालदारानं जांभई दिली, ती मला इथे ऐकू आली. चतुर्दशी आली आणि त्यानं ह्यांना मधेच थांबवलं.

"गुरुजी," तो म्हणाला, "तो माणूस मेलाय हे आम्हालाच अजून माहीत नाही. मग ह्या मित्राला कुणी सांगितलं?"

पुढचं मला भाचीकडून कळलं. दोन दिवस भागीदारानं कानांवर हात ठेवले. तिसऱ्या दिवशी त्याच्या अक्षरातली चिठ्ठी पुढे ठेवली, ती आम्ही पोस्टानं पाठवली होती, आणि त्यानं माळावरची पडकी विहीर दाखवली. धंद्यातल्या भांडणातून कोयत्यानं केलं होतं. त्यानं कोयता लपवला, फोन लपवला, गाडी दुसऱ्या जिल्ह्यात नेऊन सोडली. सगळं डोकं लावून केलं. पण मेलेला मित्र पिंडाशिवाय भटकत राहील आणि आपल्यामागे लागेल ही भीती त्याला झोपू देईना, म्हणून त्यानं शास्त्राला धरून बरोबर तिथी निवडली. इतका मोठा वेंधळेपणा माझ्या पेपरात कधी आला नव्हता, आणि मला जराही हसू आलं नाही. त्याची कीवही आली नाही.

मार्गशीर्षात ती बाई नणंदेला घेऊन अस्थी घेऊन आली. ह्यांनी त्या दिवशी घाईचं काहीच ठेवलं नव्हतं. तिच्या हातून एकेक गोष्ट सावकाश करवून घेतली, मंत्र म्हटला की त्याचा अर्थ सांगितला, मग पुढचा. तिनं पाणी सोडलं, नाव घेतलं, तेव्हा तिचा आवाज मोठा आणि स्वच्छ होता. मी पायऱ्यांवर तिची पिशवी धरून उभी होते.

घरी आणून जेवायला वाढलं. भात, मेतकूट, तूप. हे दुसऱ्या यजमानासाठी पुन्हा घाटावर गेले होते. ती बराच वेळ खाली मान घालून जेवत होती. मग म्हणाली, "तो रोज यायचा. वहिनी, काळजी करू नका, येईल तो, म्हणायचा. मी त्याला चहा करून द्यायचे."

"मीही दिला होता," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आणखी भात मागितला.

जेवण झाल्यावर बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली. ती आडवी झाली, लगेच उठली, जिन्याकडच्या दारापाशी गेली आणि आतून कडी लावली. एकदा ओढून पाहिली, मग येऊन झोपली. नणंदेनं पदर तोंडाशी धरला. मी तिला स्वयंपाकघरात घेऊन आले तेव्हा ती म्हणाली, "ज्येष्ठापासून हिनं घराला कडी लावली नव्हती. दादा रात्री आला आणि आपला डोळा लागलेला असला तर, म्हणून."

तासाभरानं हे आले. जिन्यात पावलं वाजली तशी मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी हळूच विचारलं, "झोपली?" मी मान डोलावली. त्यांनी हातातली झोळी पायरीवर ठेवली आणि तिथेच बसले, ती उठेपर्यंत.